चौथी चिठ्ठी डब्यात परत टाका

प्रति,
वादविवाद स्पर्धा समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
सोलापूर

स. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी कोर्टाच्या आवारात चहा घेत उभा होतो, तेव्हा तुमच्यापैकी एकांचा फोन आला. परीक्षक म्हणून यायचंच आहे, वेळ तीच, हॉल तोच, फक्त चौथ्या विषयाची चिठ्ठी डब्यातून काढलीय. का, म्हणून विचारलं. "जाऊ द्या की ओ वकीलसाहेब, वातावरण बघालाव की तुम्ही. उगं कशाला लचांड?" बरं, तिच्या जागी कोणता विषय घातला? तर ‘मोबाईल : शाप की वरदान’. मी शाळेत होतो तेव्हा या जागी विज्ञान असायचं. तेवढीच काय ती पन्नास वर्षांतली प्रगती.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. तुम्हाला तोंडघशी पाडायची इच्छा नाही, आणि तुमच्यापैकी दोघं तर माझे पक्षकार आहेत. पण पत्र उघड लिहितोय, कारण असा फोन काही फक्त मला आला असेल असं वाटत नाही. महिनाभरापूर्वी तुम्हीच छापलेल्या पत्रकात तो विषय असा होता: ‘संघराज्यातील घटकराज्यांना फुटून निघण्याचा घटनात्मक हक्क असावा.’ बाजू चिठ्ठी टाकून ठरणार होती, म्हणून मुलांनी दोन्हीकडून तयारी केली. त्यांच्या त्या महिन्याचं काय करायचं हे फोनवर कोणी बोललं नाही.

तुम्हाला ज्याची भीती वाटली ती ओळ मुळात कोणी उच्चारली ते आधी सांगतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्या भाषणात हा विषय त्यांनी स्वतःहून काढला. मसुद्यात ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द का घातला याचा खुलासा त्यांना करायचा होता. त्यांचं म्हणणं असं, की भारताचं संघराज्य हे घटकांनी आपसात करारमदार करून उभं केलेलं नाही, आणि करारच नाही म्हटल्यावर तो मोडून बाहेर पडण्याचा हक्कही कुणाला नाही. पुढे त्यांनी अमेरिकेचा दाखला दिला. राज्यांना फुटण्याचा हक्क नाही एवढं सिद्ध करायला त्या लोकांना यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते सुरुवातीलाच स्वच्छ करून ठेवू, म्हणजे मागून वाद आणि तर्ककुतर्क नकोत.

त्या तारखेकडे जरा बघा. हैदराबादच्या निजामानं शरणागती पत्करली १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणजे या भाषणाच्या आधी जेमतेम सात आठवडे. आणि ती फौज निघाली कुठून? आपल्या सोलापुरातून. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींची मुख्य तुकडी हैदराबाद रस्त्यानं पुढे सरकली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आज आपण त्याच रस्त्यानं उमरग्याला लग्नाला जातो. ज्या गावच्या वेशीवरून हा प्रश्न तोफा घेऊन गेला, त्या गावच्या मुलांनी तो माईकवर बोलू नये म्हणायचं म्हणजे कमाल आहे!

एक बारीक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण मुलं हमखास इथे घसरली असती आणि मी त्यांचे गुण कापले असते. हैदराबाद फुटून निघत नव्हतं. ते आत आलेलंच नव्हतं. इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपली म्हणजे आपण स्वतंत्र झालो, असा निजामाचा दावा होता. भारताशी त्याचा नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार होता, सामीलनामा नव्हता. आत यायला नकार देणं आणि आत आल्यावर बाहेर जायला निघणं ही कायद्यानं दोन वेगळी प्रकरणं. मामलेदार कचेरीत हद्दीचा वाद आणि वाटणीचा दावा वेगवेगळ्या टेबलांवर जातो, तसं.

आता या विषयाची तयारी करणाऱ्या एका मुलीबद्दल. अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या एका गावची आहे. घरात कन्नड, चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत, पुढचं सगळं मराठीतून. तिचे वडील जमिनीच्या कामासाठी माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात तेही आले आणि मागोमाग ही मुलगी वही घेऊन आली. दोनशे पानी वही, डावीकडच्या पानांवर ‘बाजूने’, उजवीकडच्या पानांवर ‘विरुद्ध’. नमस्कार केला, बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आमच्या गावानं कर्नाटकात जायचा ठराव केला होता, तो देशद्रोह होता का?"

तुम्हाला २०२२ चा हिवाळा आठवत असेल. नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या गावांच्या जुन्या ठरावाचा विषय काढला, मग अक्कलकोट आणि सोलापूरवरही बोट ठेवलं. पाठोपाठ अक्कलकोट तालुक्यातल्या काही ग्रामपंचायतींनी खरोखरच ठराव केले, की रस्ते नाहीत, पाणी नाही, तर आम्हाला पलीकडे जाऊ द्या. इकडे ज्यांनी आयुष्यात त्या गावांचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनी त्यांना गद्दार ठरवलं. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलंय. ती मुलगी तेव्हा बारावीला असेल. तिनं एस. टी.त ऐकलं.

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण माझा संशय असा, की तुमचा फोनही याच घोटाळ्यातून आला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची मागणी म्हणजे देशातून फुटणं नव्हे. राज्यांच्या हद्दी बदलणं, नवं राज्य करणं, दोन राज्यं एक करणं, नाव बदलणं हे सगळं घटनेच्या तिसऱ्या कलमात बसतं आणि संसद ते साध्या बहुमतानं करू शकते. ग्रामसभेच्या ठरावानं गाव काही इंचभर हलत नाही, हे खरं. पण गाऱ्हाणं मांडण्याची ती एक रीत आहे. त्या गावांना बंगळूरचं प्रेम आलं होतं असं मला वाटत नाही. एस. टी. यावी एवढंच त्यांना हवं होतं.

(जाता जाता: राज्य सरकारं बरखास्त करण्याच्या केंद्राच्या अधिकाराला वेसण घालणारा १९९४ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते एस. आर. बोम्मई या बसवराज बोम्मईंचे वडील. वडिलांनी राज्यांचा मान राखला जावा म्हणून दाद मागितली, मुलानं शेजारच्या राज्याचे तालुके मागितले. घराघरांत असं चालतंच.)

वहीत तिनं आंबेडकरांचं वाक्य ‘विरुद्ध’च्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पण त्याच्यासमोर, ‘बाजूने’च्या पानावर, पेन्सिलीनं एक शेरा होता. तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ‘करार नव्हता कसा? अक्कलकोटच्या राजांनी सही केली होती.’

बरोबर आहे पोरीचं. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान. इतर संस्थानांसारखा त्यांचाही सामीलनामा झाला, आणि त्या सामीलनाम्यांत संस्थानांनी दिल्लीच्या हाती दिल्या होत्या फक्त तीन गोष्टी: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. मग करार नाही असं कसं म्हणायचं? मी तीस-पस्तीस वर्षं वकिली करतोय, पण या मुद्द्यावर मला समोरच्या वकिलानं कधी अडवलेलं नाही. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते असं. सामीलनाम्यानंतर विलीनीकरण झालं. १९४८ मध्येच अक्कलकोट मुंबई प्रांतात मिसळलं आणि ज्यानं सही केली तो पक्षच वेगळा उरला नाही. पुढे घटना आली ती राजांच्या सहीनं आली नाही, ‘आम्ही भारताचे लोक’ या नावानं आली. शिवाय ३६३ व्या कलमानं अशा जुन्या करारांवरून कोर्टात भांडायचं दारच लावून घेतलं. आणि राजांना दिलेला तनख्याचा शब्द? तोही १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं गेला. तेव्हा करार होता हे म्हणायला जागा आहे, पण त्याच्यावर उभं राहून बाहेर जायला जागा नाही. हे उत्तर तिला पुरतं पटलं नाही. ‘पक्ष उरला नाही, पण गाव उरलं ना?’ असं म्हणाली. तुमच्या हॉलमध्ये मी हे ऐकलं असतं तर दहापैकी नऊ दिले असते.

अमेरिकेवर तिची सात पानं होती. तिथला मूळ निकाल १८६९ चा, टेक्सास विरुद्ध व्हाइट. भांडण कशाचं, तर सरकारी रोख्यांचं. युद्धाच्या काळात टेक्सासच्या बंडखोर सरकारनं राज्याचे रोखे विकून टाकले, युद्धानंतर राज्य ते परत मागायला थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. समोरच्यांनी हरकत घेतली, की टेक्सास हे संघातलं राज्य आहेच कुठे, ते तर फुटून गेलं होतं! तेव्हा सरन्यायाधीश चेस यांना ठरवावं लागलं, की फुटीचा ठराव पहिल्या दिवसापासून रद्दबातल होता, टेक्सास कधी बाहेर गेलंच नाही, आणि हा अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ आहे. चार वर्षं लढाई, सहा लाखांच्या वर मुडदे, आणि कायद्याचा प्रश्न सुटला तो रोख्यांच्या वसुलीत. आयुष्यभर दिवाणी बाजूला काम केलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

त्या निकालात दोन गोष्टी आहेत ज्या पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. तो एकमताचा नव्हता. पाच विरुद्ध तीन असा होता. न्यायमूर्ती ग्रियर यांनी विरुद्ध मत दिलं, की राज्य बाहेर होतं ही डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती आहे, ती कल्पनेनं कशी पुसायची? दुसरं, चेस यांनी एक फट ठेवली. राज्य बाहेर जाऊ शकतं, पण क्रांतीनं किंवा इतर राज्यांच्या संमतीनं. क्रांतीला अर्थातच कलम लागत नाही. आपल्या चार हुतात्म्यांनी कोणतं कलम बघितलं होतं? मे १९३० मध्ये तीन-चार दिवस या शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, मग लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांनी साम्राज्याकडे हक्काची पावती मागितली नाही. घटनात्मक हक्क म्हणजे दुसरीच गोष्ट. ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायचं तिच्याच पुस्तकात बाहेर पडायची पायरी लिहिलेली असणं. विषय त्याबद्दल होता. बंडाबद्दल नव्हताच.

आणि दक्षिणेतल्या राज्यांना फुटायचं कशासाठी होतं हे ‘बाजूने’ बोलणाऱ्यानं लपवलं तर मी त्याला तिथेच धरलं असतं. साउथ कॅरोलिनानं डिसेंबर १८६० मध्ये कारणांचं जाहीर निवेदन काढलं. त्यात मुख्य तक्रार अशी, की उत्तरेतली राज्यं पळून गेलेले गुलाम परत करत नाहीत. बाहेर जायच्या हक्काची भाषा नेहमी दुबळ्याच्या तोंडी असते असं नाही. कधी आपल्याच ताटाखालच्या माणसाला दाबून ठेवायला मोकळीक हवी असते म्हणूनही ती येते.

पुस्तकात अशी पायरी लिहिलेले देश आहेत का? आहेत. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या आणि १९७७ च्या, दोन्ही घटनांत प्रत्येक प्रजासत्ताकाला मोकळेपणी बाहेर पडण्याचा हक्क होता. स्टालिनच्या काळात तो कुणी वापरला असता तर काय झालं असतं हे सांगायला नको. मार्च १९९० मध्ये लिथुआनियानं जाहीर केलं की आम्ही निघालो, तेव्हा मॉस्कोनं महिन्याभरात नवा कायदा केला: दोन तृतीयांश मतं हवीत, वर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ; मग त्यांचं तेलही अडवलं. पुढच्या वर्षाअखेर संघच उरला नाही. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत ३९ वं कलम तर बिनशर्त हक्क देतं. तरी २०२० ते २०२२ तिग्रेमध्ये भयंकर युद्ध झालं आणि ते कलम कागदावरच राहिलं.

मला स्वतःला आवडतात ती छोटी उदाहरणं. वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्स आणि नेव्हिस नावाचा दोन बेटांचा देश आहे. नेव्हिसची वस्ती बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. १९८३ च्या घटनेनं त्या बेटाला फुटायचा हक्क दिला, पण मतदानात दोन तृतीयांश हवेत. १९९८ मध्ये त्यांनी मतदान घेतलं. ‘जाऊ’ म्हणणारे निघाले जवळपास ६२ टक्के. थोडक्यात हुकलं! आणि मग? काही नाही. दोन्ही बेटं आजही एका देशात आहेत. दुसरं लिख्टेनश्टाइन. युरोपातलं एवढंसं संस्थान, अकरा पंचायती. २००३ च्या घटनादुरुस्तीनं तिथल्या प्रत्येक पंचायतीला देश सोडून जायचा हक्क आहे. ग्रामपंचायतीला! हे सांगितलं तेव्हा ती अक्कलकोटची मुलगी हसत सुटली. तिचे वडीलही हसले, मग म्हणाले, "तिकडं रस्ता आसंल बघा गावाला." कुणीही गेलेलं नाही तिथून.

माँटेनेग्रोनं २००६ मध्ये सर्बियाशी असलेली जोड सोडली ती २००३ च्या सनदेतल्या कलमानंच. युरोपीय संघानं अट घातली होती ५५ टक्क्यांची, मतं पडली साडेपंचावन्न. तेव्हा ही कलमं नेहमी मेलेलीच असतात असंही नाही.

पण कायद्याच्या अंगानं सगळ्यात विचारी उत्तर कॅनडाचं आहे असं मला वाटतं, आणि ते मुलांनी वाचलंच पाहिजे. क्युबेकमध्ये १९९५ ला मतदान झालं तेव्हा ‘नाही’ची बाजू जिंकली ५०.५८ टक्क्यांनी. देश केसाच्या अंतरानं वाचला. सरकारनं काय केलं? प्रश्न विचारणाऱ्यांना आत टाकलं नाही. सर्वोच्च न्यायालयाकडे जाऊन तीन प्रश्न लेखी विचारले, की एकतर्फी फुटायचा हक्क आहे का नाही ते सांगा. १९९८ मध्ये उत्तर आलं: नाही. घटनेनंही नाही, आंतरराष्ट्रीय कायद्यानंही नाही. पण पुढे न्यायालय म्हणतं, की स्वच्छ प्रश्नाला स्वच्छ बहुमतानं होकार मिळाला, तर बाकीच्यांना कानावर हात ठेवता येणार नाहीत. बोलणी करायला बसावंच लागेल. हक्क जाण्याचा नाही, हक्क ऐकून घेतलं जाण्याचा.

हे मी लांबवतोय, कारण माझं स्वतःचं मत इथेच अडकलेलं आहे. मी ‘विरुद्ध’वाला आहे. फुटून निघण्याचा हक्क घटनेत लिहू नये. प्रत्येक पाणीवाटपाच्या, प्रत्येक करवाट्याच्या भांडणात एक राज्य उठून दाराकडे बोट दाखवील, आणि मग भांडण पाण्याचं राहणारच नाही. भीमेच्या पाण्यावरून आपल्याच दोन तालुक्यांत काय होतं ते आपण बघतो. शिवाय फुटलेल्या राज्यात जे अल्पसंख्य उरतील त्यांचं काय? या शहरात पूर्व भागात तेलुगू, घराघरांत कन्नड, उर्दू, मराठी. इथे भाषेची रेघ ओढायला गेलात तर ती माझ्याच वाड्याच्या अंगणातून जाईल. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा कोणाची मातृभाषा कोणती हे विचारून दाखवा.

पण दार बाहेरून लावलं, तर आतल्याचं ऐकायची जबाबदारी वाढते. आणि तिथे आपली घटना कच्ची आहे असं माझं म्हणणं. तिसऱ्या कलमानुसार राज्याच्या विधानसभेचं मत मागवायचं असतं. ते ऐकायचंच असं नाही. १९५६ मध्ये मुंबईचं विधेयक गेलं तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेनं ते बदलून एकच द्विभाषिक राज्य केलं, विधानसभेला पुन्हा विचारलंही नाही. बाबूलाल पराते यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चालतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर का आले हे ज्याला समजायचं त्यानं हा निकाल वाचावा. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालं. २०१९ ला जम्मू-काश्मीरमध्ये राष्ट्रपती राजवट होती, तर विधानसभेचं मत संसदेनंच स्वतःला देऊन टाकलं. अमेरिकेत अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ. आपल्याकडे संघ अविनाशी, राज्यं मात्र पाटीवरच्या पेन्सिलीनं लिहिलेली.

गंमत म्हणजे पाकिस्तानला पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा तुकडा द्यायचा होता तेव्हा १९६० मध्ये न्यायालयानं सांगितलं, साध्या कायद्यानं भागणार नाही, घटनादुरुस्ती करा. परक्याला देताना घटनादुरुस्ती, घरातल्या घरात हलवताना साधं बहुमत. आणि आपला स्वतःचा सीमातंटा? १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगानं अक्कलकोट आणि जत तालुक्यातली गावं पलीकडे द्यायला सांगितलं होतं, बेळगाव आपल्याला नाकारलं होतं. (हे न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन १९४७ मध्ये काश्मीर भारतात सामील झालं तेव्हा तिथले पंतप्रधान होते. सामीलनाम्यांचा अनुभव दांडगा.) महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. वीस वर्षं उलटून गेली. आमच्या दिवाणी कोर्टाला उगाच नावं ठेवतात लोक.

तुमची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. १९६७ च्या बेकायदा कृत्यांच्या कायद्यात देशाचा भाग तोडण्याच्या मागणीला पाठबळ देणं हा गुन्हा आहे, आणि वकील म्हणून मी त्याला हसणार नाही. पण घटनेत असं कलम असावं का, याची चर्चा वेगळी आणि चिथावणी वेगळी. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयानं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत हाच फरक केला.

त्याहून मोठा दाखला राज्यसभेतला आहे. १९६२ मध्ये द्रमुकचे नेते अण्णादुराई राज्यसभेत उभे राहिले आणि द्रविडनाडू वेगळं हवं असं भर सभागृहात म्हणाले. सदस्य चिडले, पण भाषण पूर्ण झालं आणि छापलं गेलं. पुढच्या वर्षी सोळावी घटनादुरुस्ती आली, देशाच्या अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालता येईल अशी तरतूद झाली, उमेदवारांच्या शपथेत तो शब्द घातला गेला. त्यांच्या पक्षानं मागणी सोडली. १९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, आणि १९६९ मध्ये मद्रासचं नाव तमिळनाडू झालं. मिझोराममध्ये १९६६ ला बंदूक उचलणारे लालडेंगा १९८६ च्या करारानंतर मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसले. ज्या प्रजासत्ताकाला हे पचलं, त्याला बी. ए.च्या पोरांची सात-सात मिनिटांची भाषणं बाधतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

तेव्हा विनंती एवढीच. चिठ्ठी परत टाका. हवं तर विषयाच्या खाली एक ओळ छापा, की ही केवळ घटनात्मक चर्चा आहे. मी मसुदा करून देतो, फी घेणार नाही. वरच्यांचा दबाव असेल तर त्यांना हे पत्र दाखवा, जबाबदारी माझ्यावर टाका. आणि एवढं करूनही जमणार नसेल, तर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजता, माझं ऑफिस उघडं असेल. आठ खुर्च्या आहेत, बाकीच्यांना सतरंजी. ज्या जोड्यांनी चौथ्या विषयाची तयारी केली होती त्या सगळ्यांनी यावं. चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी माझ्याकडून. ढाल नाही, प्रमाणपत्र नाही. बाजू मात्र तुमच्या डब्यातूनच काढायची आहे, म्हणून तो डबा तेवढा पाठवून द्या.

त्या मुलीचा काल फोन आला होता. विषय रद्द झाल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं, ते खरं का म्हणून विचारत होती. अजून नक्की नाही, असं सांगितलंय. शेवटचं पान तिनं दोन्ही बाजूंनी कोरं ठेवलंय म्हणे. बाजू कळली की लिहिणार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुम्हीच बोलावलेला परीक्षक
सोलापूर